फॉल्स सिलिंगच्या वर काम करताना पडण्याचा धोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसी मेकॅनिक, वायरमन, प्लंबर, सीसीटीव्ही आणि नेटवर्कची केबल ओढणारे, फायर लाइनवाले या सगळ्यांना कधी ना कधी सिलिंगच्या आत डोकं घालावं लागतं. त्यांच्यासाठी, आणि त्यांना वर पाठवणाऱ्या सुपरवायझर, फॅसिलिटी मॅनेजर व सोसायटीच्या कमिटीसाठी ही उत्तरं आहेत.

फॉल्स सिलिंगवर माणूस उभा राहू शकतो का?

नाही. जिप्सम असो, पीओपी असो की दोन बाय दोनच्या टाइलचं ग्रिड, फॉल्स सिलिंग फक्त स्वतःचं वजन पेलण्यासाठी टांगलेलं असतं. १२.५ मिमी जिप्सम बोर्डचं वजन चौरस मीटरला साधारण ९ किलो भरतं, मिनरल फायबरच्या टाइलचं त्याहूनही कमी. हँगर, पट्टी आणि फास्टनर याच हिशेबाने लावलेले असतात. त्यावर ७५ किलोचा माणूस ८-१० किलोची हत्यारांची पिशवी घेऊन दोन तळव्यांवर उभा राहिला, की सगळा भार फूटभर जागेत एकवटतो.

ग्रिड सिलिंग निदान फसवत तरी नाही. टाइल हाताने उचलली जाते, त्यामुळे तिच्यावर पाय ठेवायचं कोणाच्या मनात येत नाही. फसवतं ते जिप्सम आणि पीओपी. वरून बघितलं तर सलग, सपाट, धुळीने झाकलेली जमीन दिसते. बॅटरीच्या उजेडात सांधे दिसत नाहीत, कुठे लाइटचं भोक नुसत्या कागदाने बुजवलंय तेही दिसत नाही. पाय पडला की आधी स्क्रूचं डोकं बोर्डच्या कागदातून आरपार निघतं, मग बोर्ड सांध्यावर मोडतो. एक हँगर सुटला की त्याचा भार शेजारच्यावर जातो आणि तोही सुटतो. म्हणून माणूस पडताना बहुतेक वेळा एकटा पडत नाही, आजूबाजूचा तुकडा घेऊन पडतो, आणि खाली बसलेला माणूसही जखमी होतो.

पण गेल्या वेळी आमचा माणूस त्यावर चालून आला होता. काही झालं नाही.

त्याचा पाय नेमका सेक्शनवर, म्हणजे बोर्ड ज्याला स्क्रूने बसवतात त्या पत्र्याच्या पट्टीवर पडला असेल. त्या चालण्याने स्क्रू सैल झाले असतील, हँगर वाकला असेल, बोर्डला केसाएवढी चीर गेली असेल. खालून रंग लावलेला असल्याने ती दिसत नाही. पुढच्या वेळी तेच सिलिंग आधीपेक्षा कमकुवत असतं. ‘गेल्या वेळी चाललं’ हा पुरावा धरू नका.

सेक्शनवरच पाय देत गेलं तर?

जिप्समच्या नेहमीच्या चौकटीत सिलिंग सेक्शन ४५७ मिमीवर आणि त्यांना धरणारे इंटरमीजिएट चॅनेल १२२० मिमीवर असतात. सेक्शनचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तो खालच्या बोर्डला स्क्रूने धरण्यापुरता असतो. वरून एका कडेवर भार आला की पिळतो आणि आडवा होतो. अंधारात, वाकून, हातात पाना धरून ४५७ मिमीची पावलं मोजत कोणी चालू शकत नाही.

माणसं नेमकी कुठे आणि कशी पडतात?

काम चालू असताना पडतात त्याहून जास्त काळजी चढता-उतरतानाची करावी. ए टाइप शिडी ट्रॅप डोअरखाली, म्हणजे सिलिंगमध्ये वर जायच्या झाकणाखाली लावायची, वरच्या पायरीवर उभं राहायचं, मग दोन्ही कोपरं आत टेकवून अंग वर ओढायचं, ही पद्धत सर्रास दिसते. त्या क्षणी शिडीला आडवा धक्का बसतो आणि ती सरकते. कोपरं टेकलेली असतात ती ट्रॅप डोअरच्या चौकटीवर, म्हणजे पुन्हा सिलिंगवरच. उतरताना तर पाय हवेत शिडी शोधत असतो.

दुसरी जागा कॅटवॉकची कड. नाट्यगृहात, मोठ्या हॉलमध्ये वर लोखंडी कॅटवॉक, म्हणजे चालायची अरुंद वाट असते, पण दिवा किंवा डिफ्युझर (एसीची हवा सोडणारी जाळी) असतो त्यापासून हात-दीड हात लांब. माणूस कठड्याखालून वाकतो, हात पुरत नाही, म्हणून एक पाय सिलिंगवर ‘फक्त टेकवतो’.

तिसरी, मागे टाकलेलं पाऊल. डक्टचा, म्हणजे एसीच्या हवेच्या पत्र्याच्या नळीचा, जॉइंट बघण्यासाठी माणूस एक पाऊल मागे घेतो आणि फळी संपलेली असते. चौथी, काढून ठेवलेल्या लाइटचं किंवा टाइलचं उघडं भोक. आणि पाचवी विजेची: झटका लहान असतो, पण दचकून तोल जातो. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

जुनं पीओपीचं सिलिंग जास्त मजबूत असतं ना? जाडही असतं.

जाड असतं म्हणजे जड असतं. जुन्या पीओपी कामात लोखंडी अँगल, जाळी आणि पीओपीत बुडवलेल्या काथ्याचे टांगे दिसतात. वरच्या बाथरूमची किंवा एसीच्या ड्रेनची गळती वर्षानुवर्षं मुरली की काथ्या कुजतो, जाळी गंजते आणि सिलिंग सवयीने लटकत राहतं. तंतुमय प्लास्टरच्या सिलिंगचं मोठं उदाहरण लंडनचं आहे. १९ डिसेंबर २०१३ रोजी तिथल्या अपोलो थिएटरमध्ये प्रयोग चालू असताना सिलिंगचा भाग प्रेक्षकांवर कोसळला आणि सत्तरहून जास्त माणसं जखमी झाली. सिलिंगला वरच्या लाकडाशी बांधणारे तागाचे आणि प्लास्टरचे टांगे काळाने आणि ओलीने कमजोर झाले होते. तिथे वर कोणी चाललंही नव्हतं.

पिवळसर डाग, फुगवटा, रंगाचे पोपडे किंवा सरळ रेषेत गेलेली चीर दिसली, तर त्या भागाखाली शिडीसुद्धा लावू नका. आधी खालची जागा रिकामी करा, बाजूने टाइल किंवा पॅनेल काढून टांगे बघा.

हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) घातला की प्रश्न मिटला ना?

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून हिशेब मांडूनच बघू.

शॉक अॅब्सॉर्बर (पडण्याचा झटका सोसणारी, उलगडणारी पट्टी) असलेलं लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला आधाराशी जोडणारी दोरी घ्या, लांबी १.८ मीटर. पडल्यावर अॅब्सॉर्बर उलगडतो, तो जास्तीत जास्त १.७५ मीटरपर्यंत. हार्नेसच्या पाठीवरच्या कडीपासून (डी-रिंग) पायापर्यंत दीड मीटर धरा आणि शिवाय एक मीटरची शिल्लक. बेरीज ६.०५ मीटर. म्हणजे हुक जिथे अडकवला आहे तिथून खाली सहा मीटर मोकळी जागा हवी.

आता नेहमीचं ऑफिस बघा. जमिनीपासून स्लॅबचा तळ ३.६ मीटर, सिलिंग २.७ मीटरवर. हुक अगदी स्लॅबला अडकवला तरी हाताशी ३.६ मीटरच आहेत. माणूस जमिनीवर आपटेपर्यंत लॅनयार्डला ताण येईल किंवा येणारही नाही. हार्नेस अंगावर असेल, फोटोतही नीट दिसेल, पण उपयोग शून्य.

हुक पायाशी अडकवला तर आणखी वाईट. मग माणूस लॅनयार्डच्या जवळजवळ दुप्पट अंतर मोकळा पडतो. सिलिंगच्या आतल्या बुटक्या जागेत डोक्यावर आधार मिळत नाही, म्हणून हुक बहुधा पायाशीच जातो.

यातून तीन गोष्टी निघतात. सहा मीटरपेक्षा कमी उंचीच्या जागी लांब लॅनयार्डवर विसंबू नका. कॅटवॉक असेल तिथे लॅनयार्ड इतकं आखूड ठेवा की माणूस कडेपर्यंत पोचूच शकणार नाही. पडल्यावर झेलण्यापेक्षा पडू न देणं बरं. आणि डोक्याच्या वर भक्कम आधार असेल तर आपोआप आत ओढला जाणारा फॉल अरेस्टर वापरा. त्यालाही पायाखाली निदान दोन मीटर आणि शिवाय शिल्लक लागते, पुस्तिकेतला आकडा वाचूनच लावा.

हार्नेस पूर्ण अंगाचा, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला घ्या. बहुतेक लॅनयार्ड १०० किलोसाठी असतात, आणि त्यात हत्यारंही आली. कमरेचा नुसता पट्टा पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी नसतो. त्याने पोटाला आणि मणक्याला इजा होते किंवा माणूस त्यातून निसटतो. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून या कामासाठी त्यावर बंदी आहे. आपल्याकडे तो अजून गोदामात सापडतो. सापडला तर कापून टाका, नाहीतर पुन्हा कोणाच्या तरी कमरेला दिसेल.

हुक कशाला अडकवायचा?

आधार निदान १२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १२०० किलो, झेलणारा हवा. स्टीलचा बीम, कैचीचा (छप्पर पेलणाऱ्या सांगाड्याचा) मुख्य भाग किंवा इंजिनिअरने तपासून लावलेला अँकर चालतो.

स्प्रिंकलरचा पाइप, केबल ट्रे, डक्टचा सपोर्ट, थ्रेडेड रॉड, कंड्युट, सिलिंगचा हँगर यांपैकी काहीही चालत नाही. ही यादी वरच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवली तरी चालेल, कारण माणूस वर गेल्यावर हाताशी नेमकं तेच असतं.

स्लॅबमध्ये फास्टनर मारायचा तर आधी काँक्रीट बघा. मुंबई आणि किनारपट्टीच्या जुन्या इमारतींत सळई गंजून स्लॅबचा खालचा थर सुटलेला असतो. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तिथे अँकर मारू नका. प्लास्टरमध्येच बसलेला फास्टनर वरवर घट्ट वाटतो, पण तो धरून काहीच नसतो.

मग काम करायचं कसं?

खालून. सिलिंगच्या आतलं बहुतेक काम आत न शिरता होतं, फक्त टाइल किंवा पॅनेल नेमक्या जागी काढावं लागतं.

दहा-पंधरा मिनिटांचं, एका हाताचं काम असेल तर शिडी पुरते. विजेच्या आसपास अॅल्युमिनिअमची नको, एफआरपीची, म्हणजे फायबरची घ्या. ए टाइप शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहू नका, आणि तिच्यावरून आत चढू नका. भिंतीला टेकवायची शिडी चारास एक या प्रमाणात ठेवा, चार फूट उंचीला पाया एक फूट पुढे. तिचा माथा सिलिंगच्या अँगलवर कधीही टेकवू नका. खांदे भोकात गेले की पाय दिसत नाहीत, म्हणून खाली एक हेल्पर हवाच, आणि त्याने मोबाइल खिशात ठेवावा.

कॉम्प्रेसर काढणं, वेल्डिंग, डक्टचा तुकडा बदलणं यासारखं दोन्ही हातांचं काम असेल तर चाकांची परांची लावा. उंची पायाच्या लहान बाजूच्या तीनपटीहून जास्त नको. चारही चाकांना ब्रेक, फळ्यांनी पूर्ण भरलेला प्लॅटफॉर्म, साधारण मीटरभर उंच कठडा आणि मधला दांडा, आणि १५० मिमीची टो-फळी, म्हणजे पाना लाथेने खाली जाणार नाही. माणूस वर असताना परांची ढकलायची नाही. घाईत हेच पहिलं मोडलं जातं.

मॉल किंवा लॉबीसाठी सिझर लिफ्ट उत्तम. पण ६ मीटरच्या प्लॅटफॉर्मची छोटी इलेक्ट्रिक सिझर लिफ्टसुद्धा दीड टनाच्या आसपास असते. ऑफिसचे स्लॅब चौरस मीटरला २.५ ते ४ किलोन्यूटन भारासाठी धरलेले असतात, आणि लिफ्टचा सगळा भार चार लहान चाकांवर येतो. तळमजला सोडून इतर मजल्यांवर नेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. ट्रेंचच्या झाकणावरून तर अजिबात नेऊ नका.

वर जावंच लागलं तर फळ्या टाकून चालेल का?

फळी कशावर टेकणार, ते आधी सांगा. आरसीसी इमारतीत स्लॅब वर आणि बीम त्याच्या खाली, म्हणजे सिलिंगच्या आत फळी टेकवायला जागाच नसते. टांगलेली चौकट सोडून तिथे दुसरं काही नाही. अशा जागी वर जायचा विचार सोडा.

कैचीच्या छपराखाली, म्हणजे कारखाना, सभागृह, जुनं नाट्यगृह, तिथे कैचीची खालची पट्टी मिळते. पण दोन कैच्यांमधलं अंतर कित्येक मीटर असतं, आणि ३८ मिमी जाड, २२५ मिमी रुंद परांचीची फळी दीड मीटरपेक्षा जास्त अंतरावर टेकवू नये. म्हणून मध्ये आडवे स्टील टाकावे लागतात, आणि ते इंजिनिअरचं काम आहे. फळ्या निदान दोन शेजारी-शेजारी, म्हणजे ४५० मिमी रुंदी, दोन्ही टोकं बांधलेली. टेकूच्या पुढे ५० मिमीपेक्षा कमी आलं तर फळी निसटते, १५० मिमीपेक्षा जास्त आलं तर टोकावर पाय पडल्यावर दुसरं टोक वर उठतं. १२ मिमीचा प्लायचा तुकडा ही फळी नाही.

जिथे वर्षातून चार वेळा वर जावं लागतं तिथे कायमचा कॅटवॉक करून घ्या. दर वेळी फळ्या, दोऱ्या, जास्तीची माणसं आणि नशीब यांवर जो खर्च जातो त्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

डक्टवर किंवा पाइपवर हात-पाय टेकवले तर?

डक्टचा पत्रा मिलिमीटरपेक्षा पातळ असतो, आधार त्याच्या वजनापुरता. केबल ट्रेचंही तेच. स्प्रिंकलरच्या पाइपला लटकलात आणि हेड मोडलं तर के-८० मापाचं एक हेड १ बार दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी सोडतं. सिलिंग भिजून जड होतं, मग तेच खाली येतं.

विजेचा आणि पडण्याचा काय संबंध?

जमिनीवर ज्या झटक्याने माणूस ‘अरे’ म्हणून हात झटकतो, त्याच झटक्याने तो शिडीवरून पडतो. सिलिंगच्या आत टेप गुंडाळलेले सांधे, बदललेल्या लाइटच्या उघड्या टोकांच्या वायरी, अर्थिंग नसलेले पत्र्याचे बॉक्स, उंदरांनी कुरतडलेल्या केबल असं सगळं असतं. एमसीबी (बोर्डावरचा त्या सर्किटचा स्विच) बंद करून त्याला कुलूप आणि नावाची पट्टी लावा. नुसता बंद ठेवला तर खालचा माणूस ‘लाइट गेली’ म्हणून चालू करतो. मग टेस्टर आधी चालू सर्किटवर तपासा, मग त्या जागी, मग पुन्हा चालू सर्किटवर. इमर्जन्सी लाइट आणि यूपीएसची लाइन वेगळी असते, ती बहुतेक वेळा विसरली जाते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) जीव वाचवतो, पण दचकणं थांबवत नाही.

सिमेंट पत्र्याच्या शेडवर चढलं तर?

एप्रिल-मे महिन्यात गळती काढायला लोक चढतात आणि पत्रा मोडून आत पडतात. पत्रा जुना झाला की ठिसूळ होतो. पर्लिनवर (पत्रे ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीवर), म्हणजे बोल्टच्या रांगेवर चाललं की सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. बोल्टच्या रांगेला शेवाळ असतं, पाय दोन वीत घसरला की संपलं. क्रॉलिंग बोर्ड, म्हणजे पत्र्यावरून सरकायच्या फळ्या टाका आणि आतून जाळी बांधा. उजेडासाठी बसवलेले फायबर पत्रे रंगवून टाकलेले असतील तर ते ओळखताच येत नाहीत, म्हणून चढायच्या आधी आतून उजेडाच्या जागा मोजून वर खुणा करून घ्या.

ट्रॅप डोअर कुठे आणि केवढं असावं?

निदान ६०० बाय ६०० मिमी, आणि मशीनच्या ज्या बाजूला फिल्टर, मोटर आणि ड्रेन आहे त्या बाजूला. दिसायला बरं म्हणून ३०० बाय ३०० चं झाकण कोपऱ्यात दडवलं, की मेकॅनिकला आत शिरून मशीनपर्यंत सरपटत जावं लागतं. पडण्याचा धोका तिथेच, ड्रॉइंगवरच तयार होतो. जिन्याच्या वर, रिसेप्शनच्या काउंटरवर किंवा फिक्स फर्निचरवर ट्रॅप डोअर नको, तिथे शिडी सपाट उभी राहत नाही. जुन्या इमारतीत झाकण मोठं करून घेण्याचा खर्च दोन-चार हजारांचा प्रश्न आहे. एसीच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) चर्चा चालू असतानाच तो घाला.

कामाच्या परमिटमध्ये (वर चढण्याआधीच्या लेखी परवानगीत) काय लिहावं?

कुठे, कशासाठी, किती वाजेपर्यंत, कोण वर आणि कोण खाली. सिलिंग कसलं आहे आणि त्याच्या वर भार घ्यायला काय आहे. कुठला एमसीबी बंद केला. खालची जागा किती अंतरापर्यंत दोरी लावून बंद केली. आणि माणूस लटकला तर त्याला खाली कसा आणायचा. हा शेवटचा रकाना बहुतेक परमिटवर कोरा असतो किंवा तिथे ‘फायर ब्रिगेड’ लिहिलेलं असतं.

उकाड्याचंही लिहा. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी माणसाला भोवळ येते. अशी कामं सकाळी सहा ते दहामध्ये उरका, आत सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. मधमाश्या किंवा गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, ते आत शिरायच्या आधी बॅटरीने बघा. दोन माश्या चेहऱ्यावर आल्या की कोणीही मागे पाऊल टाकतो.

माणूस हार्नेसवर लटकला किंवा पडला तर?

लटकलेला माणूस शुद्धीत असला तरी घाई करा. पट्ट्यांनी मांड्यांतलं रक्त अडतं आणि काही मिनिटांत त्याला घेरी येऊ शकते. त्याला पाय हलवत राहायला सांगा, पायाखाली शिडी किंवा परांची आणा आणि वजन उतरवा. बचावाचं सामान काम सुरू होण्याआधीच जवळ ठेवलेलं हवं.

जमिनीवर पडला असेल तर उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं आणि मान आहे त्या स्थितीत धरून ठेवा, १०८ ला फोन करा. पडल्यावर उठून ‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्यालाही हॉस्पिटलात न्या. डोक्याचा मार तासाभराने कळतो.

ठेकेदाराचा माणूस पडला तर जबाबदारी त्याचीच ना?

फक्त त्याची नाही. काम तुमच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल तर ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम १२ मध्ये हे स्पष्ट होतं. वर्क ऑर्डरमध्ये ‘सर्व सुरक्षा ठेकेदाराची’ हे वाक्य घातल्याने तुमची जबाबदारी सुटत नाही. ठेकेदाराला सिलिंगचं ड्रॉइंग, अँकरच्या जागा आणि सर्किटची यादी देणं तुमच्याकडेच राहतं. त्याच्याकडे ती असण्याचं कारणच नाही.

काम संपल्यावर काय बघावं?

हत्यारं मोजा, सिलिंगवर विसरलेला पाना दोन महिन्यांनी कोणाच्या तरी डोक्यावर येतो. काढलेली प्रत्येक टाइल परत बसवा. लाइट काढून नेला असेल तर त्या भोकावर पुठ्ठा किंवा कागद नको, स्क्रूने बसवलेलं झाकण लावा आणि वरच्या बाजूने लाल रंगाची फुली मारा. पुढचा वायरमन येईल तेव्हा वर अंधार असेल.